आंबेढोकच्या कमानीचा मध्य

“दुमड आता. आणि दोन्ही टोकं सारखी धर, कमीजास्त करू नकोस,” आप्पा म्हणाले.

“सूनबाई, घाई नको. सावकाश,” मामंजी म्हणाले.

आप्पा म्हणजे माझे वडील आणि मामंजी म्हणजे माझे सासरे. दोघंही एकाच गावचे. आप्पा खराडे आंबेढोकच्या खालच्या आळीतले, मामंजी ढोणे वरच्या आळीतले. गावाच्या तोंडाशी नवी स्वागतकमान उभी राहिली होती आणि तिचा मध्य काढायचं काम चाललं होतं. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत सुतळी ताणून तोडली होती. ती दुमडायची कुणी, यावर बराच वेळ वाद झाला. शेवटी मी एकाची लेक आणि दुसऱ्याची सून, तेव्हा अख्ख्या गावात पक्षपात न करणारी तेवढी मीच निघाले. मग काय, भर रस्त्यात डोईवरचा पदर सावरत मी सुतळी दुमडली, मधोमध चुन्याचं बोट लावलं आणि न राहवून बोलून गेले.

“मामंजी, हा खांबांचा मध्य झाला. कमानीचा मध्य इथं नाही. तो एक फूट तिकडं आहे, कातळाच्या बाजूला.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आप्पांना आधी हसू आलं. “अगं, दोरी दुमडली की मध्य. त्याला बीएस्सी कशाला लागतीया?”

“पोरगी शिकलेली हाय, चालायचंच,” मामंजी म्हणाले. त्या दिवशी पहिल्यांदाच दोघांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालं, म्हणून मीही विषय सोडला.

पुढं बावीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं, पण सममितीचा अक्ष पोरांना समजावताना मला जेवढा त्रास झाला नाही तेवढा या दोघांपुढं झाला. पोरांना निदान मान-अपमान नसतो.

कमानीची कल्पना दोघांची मिळून होती. एका बाजूच्या पाटीवर आप्पांच्या वडिलांचं नाव, कैलासवासी हैबतराव खराडे. दुसऱ्या बाजूला मामंजींच्या वडिलांचं, कैलासवासी गुणाजी ढोणे. मधे गावाचं नाव आणि वर कळस. मंत्रीसाहेब उद्‌घाटनाला येणार होते. आमचं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं, व्याह्यांचं प्रेम ऊतू चाललं होतं, आणि दोघांनी देवासमोर ठरवलं होतं की कमानीत कुणाचा मान कुणापेक्षा तसूभर जास्त नको.

तिथंच सगळं फसलं. रस्त्याच्या एका बाजूला जमीन सपाट, दुसऱ्या बाजूला चार फूट उंच कातळ. कातळ फुटेना. मग मामंजींचा खांब कातळावर बसला. कुणीही शहाणा माणूस तो खांब चार फूट आखूड करील. पण मामंजी म्हणाले, “इवायाचा खांब दहा फुटी आणि आमचा सहा फुटी? आमच्या म्हाताऱ्यानं काय घोडं मारलंय?” आप्पांनाही ते पटलं. मानाचा प्रश्न होता. खांब दहाला दहा फूट, काटेकोर झाले. त्यामुळे एका खांबाचं डोकं दुसऱ्यापेक्षा चार फूट वर गेलं, आणि ही समानता बघून दोघंही खूश झाले.

वरची कमान वाकवायचं काम आमच्या घरीच आलं. माझ्या नवऱ्याचं वेल्डिंगचं वर्कशॉप होतं. नवऱ्याचं नाव घेऊ नये असं आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या. पण गोष्ट सांगायची तर घ्यावंच लागेल. दिनकर. पाईप नुसता वाकवला तर खुळ्यासारखा दिसेल म्हणून मी समीकरण मांडून दिलं. चोवीस फूट अंतर, डावं टोक खाली, उजवं चार फूट वर. त्यातून जाणारा पॅराबोला. फुटाफुटाला उंची किती ते मी सांगायची आणि दिनकर वर्कशॉपच्या फरशीवर खडूनं खुणा करायचे. दुपारचं जेवण तिथंच व्हायचं. लोक लग्न झाल्यावर महाबळेश्वरला जातात, आमचं सगळं त्या फरशीवर झालं. मला ते घर आवडायला लागलं होतं आणि तो माणूसही. सांगायला लाज कसली?

तेव्हाच मी त्यांना म्हटलं होतं, “अहो, वजा बी भागिले दोन ए केलं की अक्ष, म्हणजे कमानीचा माथा, डाव्या खांबापासून तेरा फुटांवर येतोय. लोक बारावर मध्य धरणार. पाट्या वाकड्या होतील.”

“आपण पाईप वाकवायचा. पाट्या त्यांच्या,” दिनकर म्हणाले. माझा नवरा गुणी, पण वादाच्या जागी त्याला कधी बघितलं नाही कुणी.

सुतळीच्या मध्यापासून दोन्हीकडं सहा सहा फुटांवर पाट्या टांगल्या. आप्पा लांब ओढ्यापर्यंत चालत गेले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि कमानीकडं बघून त्यांचा चेहराच उतरला. हैबतरावांची पाटी गुणाजींच्या पाटीपेक्षा चांगली दोन फूट खाली होती.

“इवाई, हे काय?” आप्पा तिथूनच ओरडले.

“काय म्हंजे? सहा फूट तुमची, सहा फूट आमची. टेप लावा की!”

“टेप काय लावायची? माझा बाप तुमच्या बापाच्या गुडघ्याशी बसवलाय!”

“आमचा बाप उंच होता, त्याला आम्ही काय करणार?” मामंजी म्हणाले. एवढं बोलायला नको होतं त्यांनी.

त्याच दुपारी आप्पा आमच्या दारात. मी दळण पाखडत होते. उंबऱ्याच्या आत पाऊल न टाकता ते म्हणाले, “कांचन, पिशवी भर. पाट्या एका पातळीत येईस्तोवर तू माझ्या घरी.”

मी मामंजींकडं बघितलं. ते तंबाखू मळत होते. “जाऊ दे की. ज्यानं न्यायची त्यानंच आणून सोडायची,” ते म्हणाले. आत्याबाई चुलीपुढून उठल्याच नाहीत. मी दिनकरकडं बघितलं. ते म्हणाले, “जा आता. मी बघतो.”

मी पिशवी भरली. खालच्या आळीत पोचेपर्यंत सगळ्या गावाला कळलं होतं की खराड्यांची लेक कमानीपायी माहेरी आली. नळावर बायका विचारायच्या, “काय त्रास होता गं?” आता यांना काय सांगणार? नवरा मारत नाही, सासू छळत नाही, एक्सचा सहगुणक आडवा आला?

मला परत जायचं होतं, एवढीच माझी अडचण होती. तेव्हा मी आप्पांना अक्ष शिकवायला घेतला. ताटावर कोंड्याची रेघ ओढून कमान काढली. “हे बघा आप्पा, कमान घडी घातल्यासारखी जिथं दोन्हीकडं सारखी पडते, ती ही रेघ. खांबांच्या मधे नाही, कळसाच्या खाली. हिच्यापासून सहा सहा फूट मोजलं की पाट्या एका उंचीवर येणार.”

आप्पांनी ताट डोळ्यांसमोर धरलं, तिरकं केलं, सरळ केलं. आई म्हणाली, “अहो, कोंडा सांडतोय.” पण आप्पांना पटलं होतं. उंची सारखी होणार एवढंच त्यांनी ऐकलं आणि लगेच पंचायतीत जाऊन सांगितलं की विज्ञानानं आमची बाजू धरली आहे.

दिनकरनी दोन्ही पाट्या कातळाकडं फूटभर सरकवल्या. ओळंबा लावला, लेव्हल लावली, पाट्या एका रेषेत. मी आप्पांच्या घरी येऊन पिशवीचे बंद बांधले. संध्याकाळी कुणी न्यायला येईल म्हणून बसून राहिले, तर बातमी आली की मामंजी टेप घेऊन कमानीवर चढलेत.

“तुमची पाटी खांबापास्नं सात फूट आणि आमची पाच?” ते वरूनच म्हणत होते. “आमचा म्हातारा काय कोपऱ्यात बसवायचा? तिकडं ऐसपैस आणि इकडं खांबाला चिकटवला, जसा काय रॉकेलच्या रांगेत उभा हाय!”

“उंची सारखी हाय का न्हाई?” खालून आप्पा.

“अंतर सारखं हाय का?”

“उंची बघतात का अंतर?”

“लग्नात पंगतीला पाट मांडताना अंतरच बघतात!” मामंजी म्हणाले, आणि खाली जमलेल्या वरच्या आळीनं माना डोलावल्या. त्यात कळसही म्हणे ढोण्यांच्या बाजूला सरकलाय, असं आप्पांच्या कानात कुणीतरी भरवलं. त्यामुळे ज्यांचं समाधान झालं होतं त्यांचंही गेलं.

मग ग्रामसभा भरली. सरपंच लोंढे म्हणजे दोन्ही आळ्यांची मतं घेऊन निवडून आलेला माणूस. ते कुठल्याही प्रश्नाला “दोन्ही बरोबर आहे” असं म्हणायचे. त्यांनी मला बोलावलं. मी मारुतीच्या देवळापुढं उभी राहून सांगितलं की एक खांब कातळावर आहे, तेव्हा उंची सारखी केली तर अंतर बिघडणार आणि अंतर सारखं केलं तर उंची बिघडणार. दोन्ही एकदम होणार नाही. एक कायतरी धरा.

“म्हणजे दोन्ही बरोबर आहे,” सरपंच म्हणाले.

“नाही. दोन्ही एकदम शक्य नाही.”

“पोरी, लोकशाहीत सगळं शक्य असतं,” असं म्हणून त्यांनी ठराव मांडला. ग्रामसेवकानं तो वाचून दाखवला: ‘कमानीचा सममितीचा अक्ष सध्या एक फूट बाजूला असून तो ग्रामस्थांच्या भावना लक्षात घेऊन मध्यभागी आणण्यात यावा.’ ठराव बहुमतानं मंजूर झाला. विरोधात मी एकटीनं हात वर केला, तर कुणीतरी म्हणालं, हिचं मत कुठल्या आळीत धरायचं? ते धरलंच नाही.

अक्ष काही हलला नाही. मंत्रीसाहेबांची तारीख मात्र जवळ आली. शेवटी सरपंचांनी एक दिवस दोघांना शेजारी शेजारी बसवलं आणि म्हणाले, “दोन्ही पाट्या काढूया. मधे एकच पाटी लावू. मंत्रीसाहेबांच्या मातोश्रींच्या नावाची.”

मग आप्पा म्हणाले, “ह्यांच्या बापाचं नाव न्हाई ना?”

“नाही,” सरपंच म्हणाले.

मामंजी म्हणाले, “मग आमची हरकत न्हाई.”

झालं! हैबतराव आणि गुणाजी दोघंही एकदमच खाली उतरले आणि व्याही-व्याही गळ्यात पडून रडले. मंत्रीसाहेब आले, फीत कापली, आईच्या आठवणीनं त्यांना भाषणात गहिवरून आलं. त्यांच्या मातोश्री आंबेढोकला कधी आल्या नव्हत्या, पण गावानं टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी समेटाचं जेवण घातलं. पुरणपोळी, कटाची आमटी, भजी. वरच्या आळीतली सगळी पंगत आमच्या सोप्यात बसली. वाढायला मी.

“सूनबाई, तूप वाढा की हात सैल सोडून,” मामंजी म्हणाले.

मी तूप वाढलं. आज नेणार, हे मी धरूनच चालले होते. पिशवी कालच भरून दाराआड ठेवली होती. दिनकरच्या पानाशी वाकले तेव्हा हळूच म्हटलं, “आज निघायचं ना?”

“आप्पांनी म्हटलं तर.”

“तुम्ही म्हणा की.”

“बघतो,” ते म्हणाले आणि भजं उचललं.

जेवणं झाली, पानं झाली, सुपाऱ्या कातरून झाल्या. मामंजी उठले, ढेकर दिली, “बरं, येतो इवाई,” म्हणाले आणि पंगत वरच्या आळीला चालती झाली. मागोमाग दिनकर. मी खरकटी पानं हातात घेऊन दारात उभी. भांडण मिटलं होतं, आणि ज्या भांडणापायी मला आणली ती मी तिथल्या तिथंच होते. असला संताप आला की त्या पानांसकट ओढ्यावर गेले आणि पोटभर रडले.

आईनं आप्पांना विचारलं, “पोरीला का न्हाई धाडली?”

“मी कसा धाडू? मी रागानं आणली. आता आपण होऊन सोडली तर माझंच चुकलं असा अर्थ होतो. त्यांनी न्यायला यावं.”

तिकडं मामंजी म्हणत होते, “आम्ही कशाला न्यायला जाऊ? आम्ही धाडली नव्हती. नेणाऱ्यानं आणून सोडावं.”

पुन्हा सरपंच. पुन्हा “दोन्ही बरोबर आहे.” त्यांनी तोडगा काढला: खराड्यांनी सोडायला जायचं नाही, ढोण्यांनी न्यायला यायचं नाही. गुरुवारी सकाळी कमानीखाली दोघांनी आपापल्या खांबापासून निघायचं आणि मध्यावर मला द्यायचं-घ्यायचं. कुणाचा मान गेला नाही, कुणाचा राहिला नाही.

“आणि मध्य कुठला धरायचा?” मी विचारलं. मला हसावं की रडावं कळेना.

इथं एक गंमत झाली. इतके दिवस अक्ष अक्ष म्हणून ओरडणारे आप्पा म्हणाले, “मध्य दोरीचा. बारा फूट. अक्षाला तेरा होतात. मी माझी पोरगी एक फूट जास्त चालवत घेऊन जाणार न्हाई.”

आणि सुतळीवाले मामंजी म्हणाले, “मध्य अक्षाचा. शिकलेल्या पोरीनं काढलाय तो काय खोटा? आम्ही अकरा फुटांवर थांबणार.”

मी बोलून बोलून दमले होते.

गुरुवारी सकाळी सगळं गाव कमानीच्या दोन्ही बाजूंना. सरपंचांनी दोन्ही रेघा मारल्या होत्या, एक दोरीची आणि एक अक्षाची, कारण दोन्ही बरोबर होतं. आप्पा मला घेऊन निघाले आणि दोरीच्या रेघेवर थांबले. मामंजी दिनकरला घेऊन कातळाच्या पायथ्यापासून निघाले आणि अक्षाच्या रेघेवर थांबले. मधे एक फूट रस्ता. कुठली मोठी दरी नव्हती, गुरुवारच्या बाजाराला चाललेली शेळीसुद्धा तेवढा ओलांडून गेली.

आप्पांनी माझा दंड धरला होता. “इथंच. पुढं न्हाई.”

“दिनू, रेघेच्या अलीकडं,” मामंजी म्हणाले.

मी नवऱ्याकडं बघत राहिले. ते माझ्याकडं बघत होते. इतक्या जवळ की मला त्यांच्या मनगटावरचे वेल्डिंगच्या ठिणग्यांचे डाग दिसत होते. मला वाटलं, आता टाकतील पाऊल. मी काही सात समुद्र ओलांडायला सांगत नव्हते, आणि एक शब्दही मागत नव्हते.

दिनकरनी खाली बघितलं, चपलेचं टोक रेघेच्या आत घेतलं आणि हात लांब केला. हळू आवाजात म्हणाले, “पिशवी दे. तू पाय हलवू नकोस, मीपण हलवत नाही. मग बघू.”

मी पिशवी दिली. ती एक फुटावरून अलगद पलीकडं गेली.

“झालं!” सरपंच म्हणाले. “दिलं-घेतलं झालं! दोन्ही बरोबर!” आणि लोकांनी खरोखर टाळ्या वाजवल्या. मंत्रीसाहेबांच्या वेळेपेक्षा जरा जास्तच.

पिशवी पोचली होती. माझ्या चार साड्या, फणी, ट्रिगनॉमेट्रीचं जुनं पुस्तक, सगळं सासरी नांदायला गेलं होतं, आणि माझा नवरा ते छातीशी धरून समाधानानं उभा होता. डोक्यात असा जाळ झाला माझ्या! मी आप्पांच्या हातातून दंड सोडवून घेतला. पुढं गेले नाही की मागं गेले नाही. कमानीतून जो रस्ता सरळ एसटी थांब्याकडं जातो, त्या रस्त्याला लागले.

“अगं ए! कुठं निघालीस?” आप्पा.

“सूनबाई, इकडं! घर इकडं हाय!” मामंजी.

“पिशवी मिळाली ना तुम्हाला?” मी न वळता म्हटलं. “तिला घाला जेवायला.”

मागं एकदम गलका उठला. कुणी म्हणालं धरा, कुणी म्हणालं बाईच्या अंगाला हात कुणी लावायचा, खालच्या आळीनं की वरच्या? मी चालत होते. तालुक्याला मावशी होती, कॉलेजचे सर होते, शिकवण्या मिळाल्या असत्या. काहीही झालं असतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलासुद्धा थांबायचं नाही असं मी ठरवलं होतं. मागं वळून तर मुळीच बघायचं नव्हतं.

तेवढ्यात मामंजींची आरोळी आली, “दिनू! आरं रेघ! रेघ गेली!”

आणि त्यावर आप्पांची, आनंदानं फाटलेली, “इवाई, तुमचा आधी हलला हां! सगळ्या गावानं बघितलंय!”

त्यांचं पुढचं भांडण मला ऐकू आलं नाही. माझ्यामागं रस्त्यावरून चपला फटक फटक वाजत येत होत्या, पिशवी पायावर आपटत होती, आणि कुणीतरी धापा टाकत म्हणत होतं, “कांचन, अगं, तिकिटाचे पैसे तरी आहेत का तुझ्याकडं?”